मेंदूच्या नावानं चांगभलं

शिक्षणाविषयी चार शब्द बोलायचे झाले तर हल्ली आधी मेंदूला नमन करावे लागते. पूर्वी अशा भाषणांच्या आरंभी सरस्वती असे; पुढे फुले, आंबेडकर, गांधी यांची नावे आली; अधूनमधून पियाजे आणि मॉन्टेसरीबाई डोकावून जात. आता पडद्यावर मेंदूचे रंगीत चित्र उमटते, त्यातला एखादा भाग लाल-पिवळा पेटलेला असतो, आणि सभागृहात अशी शांतता पसरते की जणू प्रश्नच सुटला. प्रश्न कोणता होता, हे विचारण्याचे भान त्या शांततेत कुणालाच उरत नाही.

प्रस्तुत लेखाचा रोख त्या चित्रावर नाही. ज्यांनी ते कष्टाने मिळवले त्या शास्त्रज्ञांवर तर मुळीच नाही. रोख आहे तो त्या चित्राभोवती उभ्या राहिलेल्या पदव्युत्तर पदवीवर, त्या पदवीने दाखवलेल्या नोकरीच्या स्वप्नावर, आणि हे सगळे घडत असताना हातावर हात ठेवून बसलेल्या आपल्या भाषाविभागांवर. यातला शेवटचा मुद्दा झोंबणारा आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवते.

पदवीचे नाव 'एज्युकेशनल न्यूरोसायन्स'. मराठीत काय म्हणावे? शालेय पाठ्यपुस्तकांत 'चेतासंस्था' हा शब्द आहे, आधीच्या पिढीच्या तोंडी 'मज्जासंस्था' होता. तेव्हा 'शैक्षणिक चेताविज्ञान' म्हणायला हरकत नसावी. विद्यार्थी मात्र 'न्यूरो' म्हणतात आणि मोकळे होतात. 'ताई, न्यूरो करावं का?' हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचारला, शिक्षणशास्त्राच्या विचारला, आणि आता एम.ए. मराठीच्या मुलीही विचारू लागल्या आहेत. विचारणाऱ्यांची चूक नाही. मराठीची पदवी घेऊन पुढे काय, याचे समाधानकारक उत्तर आपल्यापाशी नसेल, तर त्यांनी दुसऱ्या दाराशी जाणे स्वाभाविकच आहे. त्या दारामागे काय आहे, एवढे तरी पाहून ठेवावे.

या विषयाला विद्यापीठीय रूप आले ते या शतकाच्या आरंभी. हार्वर्डमध्ये कर्ट फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मन, मेंदू आणि शिक्षण' या नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्याच नावाचे नियतकालिक २००७ साली निघाले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी म्हणून जी ओळखली जाते तिने) त्याच वर्षी मेंदू आणि अध्ययन यांवरचा जाडजूड अहवाल काढला. २००८ साली लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज, बर्कबेक आणि इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन यांनी मिळून शैक्षणिक चेताविज्ञानाचे केंद्र स्थापले. ब्रिस्टल, कोलंबियाचे टीचर्स कॉलेज अशी आणखी ठिकाणे आहेत. अभ्यासक्रम साधारण असा असतो: चेतापेशींची आणि मेंदूच्या रचनेची ओळख, स्मृती-अवधान-भाषा-गणिती क्षमता यांचा विकास, मेंदूच्या प्रतिमा मिळवण्याची तंत्रे, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि शेवटी एक प्रबंधिका. अभ्यासक्रम म्हणून यात नाव ठेवण्याजोगे काही नाही. उलट संशोधन वाचावे कसे, एखाद्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे तिथे नीट शिकवले जाते, आणि ते आपल्या एम.ए. किंवा बी.एड.मध्ये शिकवले जात नाही. शिक्षकांमध्ये पसरलेल्या मेंदूविषयीच्या गैरसमजुतींना 'न्यूरोमिथ' हे नाव पडले तेही याच क्षेत्राच्या वर्तुळात, हे त्यांच्या श्रेयाचे आहे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप पदवीच्या पलीकडे सुरू होतो.

या पदवीने माणूस नेमका काय होतो, ते एकदा सरळ विचारून पाहावे. शिक्षक होतो का? नाही. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत शिक्षक म्हणून रीतसर उभे राहायचे तर निराळे प्रशिक्षण आणि निराळी पात्रता लागते, आपल्याकडे बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटी. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होतो का? नाही. इंग्लंडमध्ये त्या व्यवसायासाठी मान्यताप्राप्त डॉक्टरेट आणि नोंदणी आवश्यक आहे. अध्ययन-अक्षम मुलांसाठी काम करणारा विशेष शिक्षक होतो का? तेही नाही. आपल्याकडे त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी हवी. विद्यापीठात अध्यापक? नेटच्या विषययादीत या नावाचा विषय नाही. शिक्षणशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या दारातून वळसा घेऊन यावे लागते. डॉक्टर तर अर्थातच नाही, जरी मुलाच्या नातेवाइकांना बहुधा तसेच वाटत असते.

उरते काय? एक, पीएच.डी. आणि तिच्या आधीची किंवा नंतरची संशोधन-साहाय्यकाची मुदतबंद नोकरी. दोन, शिक्षण-तंत्रज्ञानाच्या कंपन्या, जिथे 'लर्निंग डिझायनर' अशा काहीशा नावाने मजकुराची आणि खेळांची आखणी करायची. तीन, खासगी शाळांना सल्ला देणे आणि शिक्षकांच्या कार्यशाळा घेणे. चार, एखादी स्वयंसेवी संस्था, प्रकाशनगृह, धोरण-संशोधनाचा एखादा प्रकल्प. यातली कोणतीही नोकरी कमी दर्जाची नाही. पण यातल्या एकीलाही हीच पदवी अनिवार्य नाही, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात कुणी ठळक छापत नाही.

माझा समज असा की ही पदवी मुळात ज्यांच्यासाठी शोभते ते लोक वेगळे आहेत. लंडनमधली दहा वर्षे शिकवून झालेली एखादी शिक्षिका असते, नोकरी शाबूत असते, अर्धवेळ हजेरी लावून ती दोन वर्षांत ही पदवी घेते आणि आपल्याच वर्गात अधिक डोळसपणे परतते. तिच्या हातात विषय आहे, वर्ग आहे, मुले आहेत. चेताविज्ञान हा त्यावरचा आणखी एक दिवा. आता लातूरच्या किंवा सांगलीच्या बावीस वर्षांच्या मुलाकडे पाहा. त्याच्या मागे वर्ग नाही, पात्रता नाही, बँकेचे कर्ज मात्र आहे. त्याला हा दिवा हातात मिळतो आणि तो ज्या खोलीत लावायचा ती खोलीच मिळत नाही. एकच पदवी, पण दोघांच्या आयुष्यात तिचा अर्थ पूर्ण निराळा. आणि परदेशी शिक्षणाचे सल्लागार दोघांनाही तोच कागद दाखवतात.

परत आल्यावर हा मुलगा कुठे जातो? जाण्यासारखी जागा एकच असते: कार्यशाळांचा बाजार. तिथे त्याची गाठ पडते ती बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या 'डीएमआयटी'वाल्यांशी आणि डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाल्यांशी. या दोन्हींना कसलाही वैज्ञानिक आधार नाही. मिडब्रेनच्या फसवणुकीविरुद्ध आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी मोहीमही उघडली होती. पण पालकाच्या दृष्टीने एका फलकावर 'न्यूरो' लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'ब्रेन'. खरे शिकून आलेला आणि भोंदू एकाच रांगेत बसतात, आणि भोंदूचा दर अनेकदा चढा असतो.

एका महाविद्यालयातल्या अशाच एका कार्यशाळेत (नाव सांगण्यात अर्थ नाही, नाव कोणतेही चालेल) आम्हां भाषाशिक्षकांना सांगण्यात आले की व्याकरण हा डाव्या मेंदूचा विषय आणि कविता हा उजव्या मेंदूचा. त्यामुळे तासाचे दोन भाग करावेत. मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, 'मग वृत्तं कोणत्या बाजूला घ्यायची?' हशा पिकला. वक्त्यांनी मात्र तो प्रश्न वहीत टिपून घेतला.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २०१२ साली सान डेकर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांची पाहणी केली. त्यांच्यापुढे ठेवलेल्या मेंदूविषयीच्या गैरसमजुतींपैकी सरासरी निम्म्याच्या आसपास शिक्षकांना खऱ्या वाटत होत्या. प्रत्येक मूल आपल्या 'अध्ययनशैली'तून, म्हणजे कुणी पाहून, कुणी ऐकून, कुणी हालचालीतून, अधिक चांगले शिकते, ही समजूत तर दोन्ही देशांत नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांची होती, जरी तिला भक्कम पुरावा नाही हे २००८ सालच्या पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्याने दाखवून दिले होते. पण पाहणीतली खरी बोचरी गोष्ट पुढेच आहे. ज्या शिक्षकांना मेंदूविषयी सामान्य माहिती अधिक होती, ते गैरसमजुतींना बळी पडण्यापासून वाचले नव्हते. उलट त्यांचा त्यांवर अधिकच विश्वास होता. थोडे ज्ञान, फार मोह. त्याआधी २००८ साली डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. एखाद्या मानसिक घटनेचे मुद्दाम केलेले निकृष्ट स्पष्टीकरण घ्यायचे आणि त्यात मेंदूच्या कुठल्यातरी भागाचा अनावश्यक उल्लेख घालायचा. एवढ्यानेच सामान्य वाचकांना आणि त्या विषयाच्या प्राथमिक विद्यार्थ्यांनाही ते स्पष्टीकरण अधिक पटू लागले. जाणकार मात्र फसले नाहीत. आपण साहित्याच्या लोकांनी याला ओळखायला हवे, कारण हे आपलेच क्षेत्र आहे. हा अलंकाराचा परिणाम आहे. अर्थ पोकळ असला तरी शब्दाच्या वजनाने वाक्य तरते, हे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत.

आता तत्त्वाचा प्रश्न. जॉन ब्रूअर या अमेरिकन अभ्यासकाने १९९७ सालीच बजावले होते की चेतापेशी आणि वर्ग यांच्यामध्ये थेट पूल बांधू पाहणे हे झेपण्यापलीकडचे आहे. मध्ये बोधात्मक मानसशास्त्राचा खांब लागतो. २०१६ साली ब्रिस्टलच्या जेफरी बॉवर्स यांनी ते अधिक कडकपणे मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखादी अध्यापनपद्धती चालते की नाही हे ठरते मुलाला वाचता आले की नाही यावर, मेंदूत काय बदलले यावर नव्हे. मूल वाचू लागले आणि मेंदूत अपेक्षित बदल दिसला नाही, तर आपण पद्धत टाकून देणार का? मेंदूत सुरेख बदल दिसला आणि मूल अडखळतच राहिले, तर पद्धत ठेवणार का? याला पॉल हॉवर्ड-जोन्स आणि इतरांनी उत्तर दिले की कुणीही शाळेसाठी थेट मेंदूतून पाठ काढायला निघालेले नाही. मेंदूचे आणि वर्तनाचे पुरावे एकत्र ठेवले तर शिकण्याची यंत्रणा अधिक कळते. हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि मला ते बऱ्याच अंशी मान्यही आहे. पण ते मान्य करताच पदवीची जाहिरात कोसळते. यंत्रणा कळणे हे संशोधकाचे काम झाले. वर्गात जाऊन 'मेंदूवर आधारित अध्यापन' विकणे हे नव्हे.

डिस्लेक्सियाचे उदाहरण या क्षेत्राच्या बाजूने नेहमी दिले जाते, आणि तिथे वाद घालताना जपून बोलले पाहिजे. मूल आळशी नाही, मठ्ठ नाही, त्याची वाचनाची यंत्रणा निराळी चालते, हे मेंदूच्या चित्रांनी पालकांना पटवले. ते मोलाचे आहे. (आपल्याकडे मात्र हे काम २००७ सालच्या 'तारे जमीन पर'ने कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा अधिक केले.) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले, त्यामागेही ही जाणीव आहेच. पण अक्षरामागच्या ध्वनींची फोड करता न येणे हे वाचनातल्या अडचणीचे एक मोठे कारण आहे, हे कशाने कळले? ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ साली लहान मुलांना यमके आणि अनुप्रास ओळखायला लावले, काही वर्षे त्यांचा पाठपुरावा केला, काही मुलांना ध्वनींचे वर्गीकरण शिकवले, आणि वाचनावर होणारा परिणाम पाहिला. यंत्र लागले नाही. लागले ते यमक आणि अनुप्रास. ही सामग्री कुणाच्या विभागातली आहे, हे वाचकांना सांगायला नको.

मेंदूच्या संशोधनातला मला सर्वांत थरारक वाटणारा प्रयोग आपल्याच लिपीवर झाला आहे, आणि तो आपल्या एकाही मराठी विभागात चर्चिला गेल्याचे माझ्या कानावर नाही. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले गेले. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेतल्या. मिखाएल श्काइड, फाल्क हुएटिग आणि त्यांच्या भारतीय-युरोपीय सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१० साली स्तानिस्लास दहेन यांच्या गटाने पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या ६३ साक्षर-निरक्षर प्रौढांच्या तुलनेतून साक्षरतेने मेंदूच्या बाह्यपटलाची मांडणी बदलते हे दाखवले होते. लखनौच्या अभ्यासाने आणखी खोल जाऊन सांगितले की बदल बाह्यपटलापुरता राहत नाही. दृष्टीशी संबंधित असे मेंदूच्या तळाकडचे, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुने भागसुद्धा बाह्यपटलाशी अधिक जुळवून घेऊ लागतात. तिशीतली एखादी बाई बाराखडी शिकते आणि तिच्या मेंदूच्या तळघरात काहीतरी हलते. यापुढे साक्षरतेच्या कितीतरी घोषणा फिक्या पडाव्यात.

पण या अभ्यासात एक गोष्ट लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. त्या सहा महिन्यांत शिकवण्याची रीत कोणती होती? तिकडे रूढ असलेलीच: आधी मुळाक्षरे, मग छोटे शब्द, मग पुढचे. शिकवणाऱ्याने शिकवले, शिकणाऱ्यांनी शिकून घेतले, यंत्राने त्याची नोंद केली. रीत बरी की वाईट, हा प्रश्न अभ्यासाने विचारलाच नव्हता. तो विचारायचा तर लिपी आणि भाषा जाणणारे कुणी लागते, आणि मराठीच्या बाबतीत ते कुणी म्हणजे आपण.

मराठी वाचणाऱ्या सहा वर्षांच्या मुलापुढे काय काय वाढून ठेवलेले असते ते पाहा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर होतो. 'कमळ' मध्ये तीन अक्षरे आहेत, पण शेवटच्या 'ळ'मधला 'अ' कुणी उच्चारत नाही, आणि तो न उच्चारण्याचा नियम मुलाला कुणी सांगत नाही. 'चाक' आणि 'चहा' यांतला 'च' लिपीत एक, जिभेवर दोन. 'हे जग' आणि 'तू जग' यांचेही तेच. 'आंबा', 'चंद्र', 'अंक' यांतले एकच टिंब तीन निराळे अनुनासिक दाखवते, आणि 'संशय'मध्ये आणखी काही निराळेच. 'र' तर बहुरूपी: 'क्रम', 'अर्क', 'ट्रक', आणि 'दर्या' शेजारी 'दऱ्या'. जोडाक्षरे उभी की आडवी हा वाद शासकीय लिपीसुधारणांनी अनेकदा इकडून तिकडे नेला आणि मुलांच्या दोन पिढ्या दोन वळणांत वाढल्या. यांपैकी कोणती अडचण मुलाला किती काळ अडवते? कोणती आधी सोडवावी? मराठीत याचा सलग, मोजून केलेला अभ्यास किती आहे? कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवले की अक्षरांचा संपूर्ण संच आत्मसात व्हायला मुलांना पहिली-दुसरीच्या बरेच पुढे जावे लागते. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांची गती इथे लावता येत नाही. हे काम वर्गात बसून, मुलांचे वाचन ऐकून झाले.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची डिस्लेक्सिया-चाचणी तयार झाली, तिच्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. मराठी मुलाची अडचण मराठीतच तपासली पाहिजे, हे हरियाणातल्या एका मेंदू-संशोधन केंद्राने ओळखले. आपण काय ओळखले? आपण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भाषेला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटले. मीही खाल्ले. पण अभिजात भाषेतले 'दऱ्या' पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही, यावर आपल्या अभ्यास मंडळांत एक ठरावही झालेला मला आठवत नाही.

साहित्यविभागांचे वर्तन तर आणखी मासलेवाईक आहे. कादंबरी वाचल्याने माणूस इतरांचे मन अधिक ओळखू लागतो, असे २०१३ साली किड आणि कस्टानो यांनी 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले, आणि जगभरच्या साहित्यशिक्षकांना उचकी लागावी इतका आनंद झाला. आपल्याकडच्या चर्चासत्रांतही तो निबंध मिरवला गेला. तो निष्कर्ष पुढच्या पडताळण्यांत टिकला नाही, हे २०१६ साली आणि पुन्हा २०१८ सालच्या मोठ्या पुनर्प्रयोगमालेत दिसून आले; पण ती बातमी चर्चासत्रांपर्यंत पोचलेली नाही. मुळात आपल्याला या प्रमाणपत्राची गरज का भासावी? तुकोबा किंवा जी. ए. वाचण्याचे समर्थन मेंदूच्या चाचणीवर टांगले की चाचणी पडताच समर्थनही पडते. ज्या विभागाचा स्वतःच्या विषयावर विश्वास उरलेला नाही, तोच असे दुसऱ्याच्या दारात दाखले मागत फिरतो.

राज्यकर्त्यांना तर हे दाखले फारच सोयीचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० सांगते की मेंदूचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. या आकड्याचा अर्थ काय लावायचा? मेंदूचे आकारमान लहानपणी झपाट्याने वाढते हे खरे. पण शिकण्याचा पंच्याऐंशी टक्के भाग त्या वयात उरकतो, असे त्यातून निघत नाही. पहिल्या तीन वर्षांच्या या मिथकावर ब्रूअर यांनी १९९९ सालीच अख्खे पुस्तक लिहिले आहे. बरे, आकडा खरा धरू. मग सहा वर्षांखालच्या मुलांना सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी आठवडेच्या आठवडे संपावर का बसावे लागले? मेंदू एवढा मौल्यवान, आणि तो घडवणारी बाई एवढी स्वस्त? त्याच धोरणात दोन ते आठ या वयात मुले भाषा झपाट्याने उचलतात असेही म्हटले आहे. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद महाराष्ट्रात पेटला, तेव्हा एका बाजूने हाच मेंदू पुढे केला, दुसऱ्या बाजूने 'कोवळ्या मेंदूवर ताण' म्हणून तोच मेंदू पुढे केला. २९ जूनला शासन निर्णय मागे घेतले गेले ते जनमताच्या रेट्याने. मेंदू बिचारा दोन्हीकडून साक्षीला उभा होता, आणि ती भाषा शिकवणार कोण, कोणत्या प्रशिक्षणाने, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि वेतनाचा प्रश्न मांडला होता. २०२३ साली वाढ होऊनही प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन महिन्याला १६,००० रुपये झाले. त्याच शिक्षण सेवकाला मेंदूवरच्या कार्यशाळेला बसवायचे, हा विनोद आहे की क्रौर्य ते वाचकांनी ठरवावे.

आणि आपल्याकडे परंपरा नव्हती असे नाही. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी-कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि आदिवासी पाड्यांवर अंगणातच बालवाडी भरवण्याची कल्पना तिथे आकाराला आली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी भाषावैज्ञानिकाच्या शिस्तीने मराठीच्या आरंभिक वाचनाचा विचार केला, कोणती अक्षरे आधी घ्यावीत याची फेरमांडणी केली, आणि ती वर्गात वापरून पाहिली. अमेरिकेत जन्मलेल्या बाईंनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. करावी आणि इथल्या पोरांना वाचायला शिकवण्यात हयात घालवावी, आणि आमच्या एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरात त्यांच्या कामाचा एका टिपेपुरताही उल्लेख नसावा! स्वन, स्वनिम, पदिम यांच्या व्याख्या पाठ करून मुले पंधरा गुण मिळवतात. स्वनिमाचा पहिलीच्या वर्गाशी काही संबंध असतो, हे त्यांना पुढे कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून कळते, आणि मग ती विचारतात, 'ताई, न्यूरो करावं का?'

करावे, जर संशोधन करायचे असेल. मग संख्याशास्त्राची तयारी ठेवावी, अलाहाबाद, हैदराबाद, गांधीनगर इथले बोधविज्ञानाचे अभ्यासक्रम आधी पाहावेत, आणि पीएच.डी.पर्यंतचा लांब पल्ला मनाशी धरावा. मुलांबरोबर काम करायचे असेल तर विशेष शिक्षणाची नोंदणीयोग्य पदवी घ्यावी. तिला चमक कमी आहे, पण तिच्याविना त्या कामाचा अधिकार मिळत नाही. शिक्षक असाल, नोकरी असेल आणि पैसा उसना काढावा लागणार नसेल, तर हौसेने लंडनला जा. कर्ज काढून, केवळ नावाच्या ओढीने जाऊ नका.

राहिले आपण. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रबंधिका असते. दरवर्षी 'अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण' या नावाच्या किती प्रबंधिका जमतात ते प्रत्येक विभागाने मोजावे. त्यांतल्या दोन कमी कराव्यात. एका विद्यार्थ्याला बालभारतीच्या पहिली ते चौथीच्या पुस्तकांत जोडाक्षरे कोणत्या क्रमाने आणि किती वेळा येतात याची यादी करायला सांगावे. दुसऱ्याला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवून वीस मुलांचे मोठ्याने वाचन ध्वनिमुद्रित करायला लावावे, शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन. मूल कुठे थांबते, 'ऱ्य'ला काय म्हणते, 'ज्ञ'ला काय करते, एवढेच टिपावे. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि एका वहीचा. पुढच्या वर्षी आणखी दोघांना पाठवावे, आणि त्या वह्या मानेसरला, पुण्याला, जिथे कुणी मागेल तिथे द्याव्यात.